चौऱ्याहत्तर किलोची गोणी

गणपती गेल्यावर आठवड्याभरात मला ग्रंथालयात चक्कर आली. २००१ साल. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात जुनी कार्डं कॉम्प्युटरवर चढवायचं काम करत होते. मला ते काम आवडायचं, कारण दिवसभरात कुणाशी चार वाक्यं बोलली तरी भागायचं. चक्कर आली तेव्हाही मी आवाज न करता खुर्चीवर बसून राहिले. शिपाईमामांनी पाहिलं म्हणून सगळ्यांना कळलं.

रक्त तपासलं. आमच्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"साखर काठावर आहे," त्या म्हणाल्या. "तीन महिने देते तुला. रोज पाऊण तास चालायचं. भात एका वेळी एक वाटी, दुसऱ्यांदा घ्यायचा नाही. जे खाशील ते वहीत लिहायचं. पाच-सहा किलो उतरव. तीन महिन्यांनी परत रक्त बघू. तेव्हाही असंच असलं, तर गोळी सुरू करावी लागेल."

मी "ओके, डॉक्टर" म्हटलं. कुठे अवघडलं की मी इंग्रजीत बोलते. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे शिकलेलं इंग्रजी मला मुख्यतः दार लावून घ्यायला उपयोगी पडलं.

गोळीची भीती मला का होती, ते आमच्या घरी सकाळी साडेसात वाजता कुणी आलं असतं तर कळलं असतं. फ्रीजच्या दारात, लिंबांच्या शेजारी, बाबांच्या इन्शुलिनची बाटली असे. आई हात पुसून सुई भरायची. बाबा सदरा वर करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायचे, जणू आज कोणती तिथी आहे हे पाहणंच महत्त्वाचं होतं. बाबांचंही आधी गोळीनेच सुरू झालं होतं. मी त्या वेळी कुकरच्या शिट्ट्या मोजायचे. आता त्या कॅलेंडरसमोर मी उभी आहे, असं मला दिसायला लागलं.

चालायचं ठरलं, पण मला कुणी बघायला नको होतं. जाड मुलगी चालायला लागली की सगळ्या आळीला कारण कळतं. आईने मला चालायला न्यायचं काम शेजारच्या चाचींवर सोपवलं. चाचींचे यजमान बहरीनला, मुलगे मोठे होऊन मुंबईत. घरामागे त्यांच्या दिरांची नारळ-सुपारीची वखार. चाचींनाही डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि त्याही ते वर्षभर टाळत होत्या.

पहिल्या दिवशी सहा वाजता त्या फाटकाशी उभ्या. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यावर सलवार, डोक्यावरून ओढणी.

"चल गो. आळीतली कुत्री उठायच्या आत पुलावर जाऊ. तुला लाज वाटते ना? मलापण वाटते. मी बूट आयुष्यात पयल्यांदा घातलाय."

भाट्याच्या पुलापर्यंत जायचं, खाडीकडे बघायचं आणि परत. चाची बोलायच्या, मी ऐकायचे. तिसऱ्या दिवशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तू बोलत नायस, बरं आहे. माझा दम वाचत नाय, तुझा वाचतो." मी हसले. बाहेरच्या माणसासमोर मी आवाज काढून हसल्याला बरेच दिवस झाले होते.

वजन कुठे करायचं हा प्रश्न होता. दवाखान्यातल्या काट्यावर कंपाउंडर आकडा मोठ्याने वाचतो. चाची मला शुक्रवारी, कामाची माणसं यायच्या आत, वखारीत घेऊन गेल्या. गोण्या तोलायचा लोखंडी काटा, खाली फळी, वर सरकतं वजन. मी चपला काढून उभी राहिले. चाचींनी वजन सरकवलं, डोळे बारीक केले. सुपारीच्या गोणीवर जसं लिहितात तसं त्यांनी दाराच्या मागच्या बाजूला खडूने लिहिलं: ७४. नाव नाही, तारीख नाही. वर-खाली गोण्यांचे आकडे होतेच, ५०, ५२, ४८. त्यात माझा कुणाला ओळखू येणार नव्हता.

"कुणाला सांगायचं नाही," मी म्हटलं.

"सांगते कशाला? सुपारी काय बोलते?"

वही मात्र मी मनापासून लिहिली. ग्रंथालयात काम करणाऱ्या मुलीला नोंदी करायला सांगितल्यावर ती दुसरं काय करणार. दुपारी डब्यात भात एक वाटी, भाकरी एक, भाजी, बांगड्याची एक तुकडी. रात्री भात एक वाटी, आमटी. चहा बिनसाखरेचा. आईने गोड बंद केलं, जसं बाबांचं बंद केलं होतं. आमच्या घरात साखरेच्या आजाराचा अर्थ एवढाच होता, की गोड खायचं नाही. बाकी सगळं चालायचं.

दुसऱ्या शुक्रवारी ७४. तिसऱ्या शुक्रवारी साडेत्र्याहत्तर, आणि चाचींनी तिथल्या तिथे टाळी वाजवली. चौथ्या शुक्रवारी परत ७४.

त्याच दिवशी संध्याकाळी चाची हसत हसत कुंपणाशी आल्या. त्यांच्या दिरांनी दारामागचे आकडे वाचले होते आणि हमालांना फैलावर घेतलं होतं. "ही चौऱ्याहत्तर किलोची गोणी तोलली कुणी? तीन वेळा तोलली नि एकदापण दिसली नाय! गेली कुठं?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं, ती माझी आहे, विकायची नाय."

त्या हसल्या, मीही हसले, आणि घरात येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले. महिना संपला होता. रोज पाऊण तास चालणं, एक वाटी भात, रात्री लागणारी भूक, हे सगळं करून मी जिथे होते तिथेच. मला वाटलं, आमच्या रक्तातच हे आहे आणि मी उगाच पुलापर्यंत जाऊन येते आहे. शनिवारी मी चालायला गेले नाही. आईला सांगितलं, पाय दुखतोय. फाटकाशी चाचींनी दोनदा हाक मारली आणि त्या एकट्या गेल्या. त्यांच्या बुटांचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला.

रविवारी आई लांज्याला मावशीकडे गेली. संध्याकाळच्या एसटीने परत येणार होती. जाताना म्हणाली, "बाबांना नऊ वाजता पेज दे. तूही घे. उकडे तांदूळ डब्यात आहेत, अंदाजाने टाक."

सकाळी नऊ-साडेनऊला पेज, हा आमच्याकडचा नेम. उकड्या तांदळाची, वर मीठ, सोबत खोबऱ्याचा तुकडा नाहीतर सुकटाची चटणी. मी रोज चालून आले की मोठा वाडगाभर पेज पिऊन कॉलेजला जायचे. मी आजवर ती स्वतः कधी केली नव्हती, आणि अंदाज मला कुठल्याच गोष्टीचा नाही. म्हणून मी डॉक्टरांनी सांगितलेली वाटी घेतली आणि तिने तांदूळ मोजले. एक वाटी टाकली. शिजल्यावर ती आईच्या पेजेसारखी दिसेना, नुसतं पाणीच. बाबा वाडग्यात चमचा फिरवून म्हणाले, "आज पेजेत मासे पकडायचेत काय?" मग मी अजून तांदूळ घेतले, परत शिजवली. दोन वाडगे नेहमीसारखे भरेपर्यंत दोन वाट्या कच्चे तांदूळ गेले होते.

मी ओट्याशी उभी राहिले. माझ्या वाडग्यातली पेज मी गाळणीत ओतली, खाली पातेलं धरलं. पाणी निथळलं आणि गाळणीत भात राहिला. तो मी वाटीने मोजला. अडीच वाट्या.

खोलीत जाऊन वही काढली. महिन्याभराच्या पानांवर पेज कुठेच नव्हती. मी लपवली नव्हती. मला ती लिहावीशीच वाटली नव्हती. आमच्याकडे पेज प्यायलेलं माणूस जेवलेलं नसतं. दहा वाजता कुणी विचारलं, जेवलीस का, तर उत्तर असतं, छे, नुसती पेज झाली. आजाऱ्याला पेज, बाळंतिणीला पेज, कामावर निघालेल्याला पेज. ते खाणं नव्हे. मी दुपारच्या एका वाटीवर पहारा ठेवून बसले होते आणि सकाळी अडीच वाट्या उघड्या दाराने आत येत होत्या.

मी धावतच चाचींकडे गेले. आपणहून, न बोलावता मी कुणाच्या घरी गेल्याची ती पहिली वेळ असावी. त्या ओसरीवर बसल्या होत्या, हातात वाडगा.

"चाची, ती पेज आहे?"

"मग काय शरबत आहे? काल का नाय आलीस? फाटकाशी बोंबलून माझा घसा बसला."

मी सांगितलं. गाळणी, वाटी, अडीच. त्यांनी वाडग्यात पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत वाडग्यात.

"या अल्ला," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी वर्षभर डॉक्टरला खोटाच बोलले! आमची आई मरेपर्यंत पेजेला जेवण म्हणाली नाय." आणि मग, वाडगा खाली न ठेवता, "आता हा एवढा तर पिऊ ना? उद्यापासून बघू."

आईला सांगणं अवघड गेलं. ती एसटीतून उतरून आली, मावशीने दिलेली काकडी पिशवीतून काढत होती. मी म्हटलं, पेज मोजायला हवी. ती ऐकून घेईना.

"आता पेजसुद्धा बंद? मग उपाशीच निघ कामाला. परत चक्कर येऊ दे. लोक म्हणतील, आईने पेजसुद्धा दिली नाही."

मी वाद घालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याच हातची पेज तिच्यासमोर गाळली आणि गाळणी तिच्या पुढ्यात धरली. आईने गाळणीत वाकून पाहिलं. "एवढा?" एवढंच म्हणाली. पेज बंद झाली नाही. चहाच्या पेल्याएवढी झाली, जास्तीचं पाणी घालून, आणि वहीत पहिल्या ओळीवर आली. डब्यातला भात गेला, त्या जागी दोन भाकऱ्या आणि जास्त भाजी. खोबऱ्याचा तुकडा आई तरीही हळूच ठेवायची. मी तोही लिहायचे.

पुढच्या शुक्रवारी त्र्याहत्तर. मग बहात्तर. मग दोन आठवडे काहीच नाही, पण आता मी रडले नाही, कारण वही खरी होती.

रमजान लागला आणि चाचींचं चालणं थांबलं. "महिनाभर एकटी जा," त्या म्हणाल्या. "मी पहाटे सहरीचं खायला उठतेच, फाटक वाजलेलं मला ऐकू येतं. नाय वाजलं तर बघ." त्या महिन्यात मी एकटी गेले. पहिले दोन दिवस मान खाली घालून, पुढे नाही. मासळीची टोपली घेऊन जाणारी एक बाई रोज समोरून यायची. एक दिवस तिने विचारलं, "आज उशीर?" मी म्हटलं, "हो, झोप लागली." पुलावर मी आता थांबत नव्हते, पलीकडे सुरूच्या बनापर्यंत जाऊन येत होते.

ईदच्या दिवशी चाचींनी शीरखुर्मा आणला. नेहमीच्या कटोऱ्याऐवजी आमटीची छोटी वाटी. "डॉक्टरची वाटी," त्या म्हणाल्या. मी सावकाश, शेवटचा खारकेचा तुकडा चावून, पूर्ण खाल्ला. वहीतही लिहिला.

त्याच आठवड्यात तीन महिने झाले. रिपोर्टसाठी मी आणि बाबा दोघे गेलो, कारण त्यांचीही तपासणी होती. वजन मी शुक्रवारी वखारीत करून आले होते, अडुसष्ट. डॉक्टरबाईंनी कागद वाचला आणि या वेळी चष्मा काढला नाही.

"नॉर्मलला आलीस. गोळी नको. चालू ठेव, सहा महिन्यांनी ये."

मी "थँक्यू, डॉक्टर" म्हटलं.

त्या बाबांकडे वळल्या. "तुमची साखर काही उतरत नाही. भात किती?"

"दोन वेळा, थोडा थोडा."

"आणि सकाळी?"

"सकाळी काही नाही," बाबा निरागसपणे म्हणाले. "नुसती पेज."

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर पाच-सात माणसं बसली होती, त्यांत माझ्या कॉलेजमधले एक सर होते. दोन महिने आमच्या ओट्यावर माझी पेज मोजली जात होती आणि शेजारी बाबांचा वाडगा जुन्या मापाने भरत होता. ते मी पाहिलं होतं, बोलले नव्हते. बाबांना मी काय सांगायचं, असं वाटून.

"पेज म्हणजे अडीच वाट्या भात, बाबा," मी म्हटलं. मराठीत, बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मी मोजलाय. मी पण लिहीत नव्हते, म्हणून महिनाभर काही झालं नाही. तुमचीही मोजायला हवी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आला असेल असं मला वाटलं. त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं, "हिचं बरोबर आहे?"

"शंभर टक्के," त्या म्हणाल्या, "आणि हे मी तीन महिन्यांपूर्वीच विचारायला हवं होतं."

घरी येताना फाटकाशी बाबांनी विचारलं, "तू वजन कुठे करतेस?"

शुक्रवारी वखारीच्या दारामागे चाचींनी दोन आकडे लिहिले, एकाखाली एक. ६८ आणि ९१. दुपारी त्यांच्या दिरांचा आवाज कुंपणापलीकडून ऐकू आला.

"भाभी, ही एक्याण्णवची आता कुठनं आली?"

"ती पण विकायची नाय," चाची म्हणाल्या. "ती कमी करायचीय."