धूसर केलेली पाटी

टीव्हीवाले लेकीच्या कॉलेजात येणार म्हटल्यावर मी तिला एकच सांगितलं होतं, "बोलायचं तर बोल, पण तोंड झाकून." ती म्हणाली, "का? चोरी मी केलीय का?" घ्या! स्वभाव माझाच, मी काय बोलणार?

तळोज्याच्या पुढे माळावर ते कॉलेज. काचेची इमारत, गेटपाशी कारंजं. आत इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबला कुलूप, आणि वर्गात सर नाहीत, पडदा. कुणीतरी कधीतरी रेकॉर्ड केलेली लेक्चरं लावायची, पोरं समोर बसवायची, याचं नाव ऑनलाइन शिक्षण. शंका आली तर पडद्याला विचारा. लेक म्हणायची, "आई, हे मी घरी लोळत फुकट बघितलं असतं." शेवटचं वर्ष होतं तिचं. ऐरोलीच्या एका कंपनीच्या मुलाखती कॉलेजातच व्हायच्या होत्या. एवढ्या वर्षांतून काही पदरात पडायचं तर ते त्याच दिवशी, हे आम्हा मायलेकींना पक्कं ठाऊक होतं.

बातमी लागणार त्या संध्याकाळी मी वाशीच्या ऑफिसातून धावतपळत घर गाठलं. कुलूप दाखवलं, पडदा दाखवला. शिक्षणाचा कसा बाजार मांडलाय ते वार्ताहर पोटतिडकीनं सांगत होता. कुलपासमोर उभी राहून माझी लेक स्वच्छ, न अडखळता बोलली. ऊर भरून आला माझा. मग गेट दाखवलं आणि बघते तर काय, वरची पाटी धूसर केलेली! 'नवी मुंबईतलं एक नामांकित कॉलेज', बस. पोरीचा चेहरा मात्र लख्ख, हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसत होता. आणि मधल्या जाहिरातींत? तेच कॉलेज, तेच कारंजं, या खेपेला मोठ्या अक्षरांत नावानिशी. प्रवेश सुरू म्हणे! मी रिमोट आदळला.

लेकीनं वार्ताहराला फोन लावला. तो बिचारा म्हणाला, "मी नाव दिलं होतं गं. वरून काढलं." वर कोण बसतं ते आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी तिला बोलावलं. ओरडले नाहीत. चहा पाजला. "बातमीत आमचं नाव नाही, तूही कुठे घेऊ नकोस. मुलाखतीला बस, नोकरीला लाग." हे ऐकून मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. थोडे दिवस कळ काढ." "म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार," असं म्हणून ती ताटावरून उठली.

मग खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. नुकत्याच सोसायटीत राहायला आलेल्या, लेक कुठे शिकते ते त्यांना माहीत नव्हतं. टीव्हीवर दिसली म्हणून लेकीचं तोंडभर कौतुक केलं आणि म्हणाल्या, "आमच्या मुलाची पण अ‍ॅडमिशन करतोय यंदा." पुढे त्याच कॉलेजचं नाव! मी लेकीकडे बघून डोळे वटारले. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"काकू, ते कुलूप तिथलंच. मी तिथेच शिकते."

काकू हसल्या. "काहीतरीच! तसं असतं तर टीव्हीवाल्यांनी नाव नसतं घेतलं?"

काकू मनानं वाईट नाहीत. पण मनात किडा वळवळला असणार. खात्री करायला सरळ कॉलेजातच गेल्या आणि तिथल्या मॅडमना विचारलं, "आमच्या वरची मुलगी असं असं म्हणते, खरं का हो?" कुणाला विचारावं ते तरी! मॅडमनी त्यांना फिरवून सगळं दाखवलं. त्या दिवशी लॅब उघडी होती.

मुलाखतीच्या दिवशी लेकीला दारातच अडवलं. बाकीची मुलं आत गेली. ती घरी आली, तोंड धुतलं आणि बाल्कनीत जाऊन बसली. काकूंनी विचारलेलं मॅडमनी प्राचार्यांच्या कानावर घातलं, हे तिथल्या शिपायानं तिला सांगितलं होतं, तेवढं तिनं मला सांगितलं.

माझं डोकं फिरलं. खाली जाऊन काकूंची चांगली खरडपट्टी काढायची म्हणून मी चपला घातल्या, दार उघडलं, तर समोर काकूच. हातात पेढे. मुलाची अ‍ॅडमिशन झाली होती. आमच्याकडे काय झालंय याची त्यांना गंधवार्ता नव्हती. मी तोंड उघडणार तेवढ्यात लेक मागून आली. तिनं पेढा घेतला, खाल्ला.

"काकू, त्याला संध्याकाळी वर पाठवत जा. मी शिकवीन. तिथे कुणी शिकवणार नाही."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे रडून सुजलेले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायातल्या चपलांकडे पाहिलं.

"म्हणजे... खरंच होतं ते?"

मी मान हलवली. त्यांची फी भरून झाली होती.