शिंपीणबाईची हजेरी

आमच्या खालच्या मजल्यावर शिंपीणबाई राहते. पदरात चार पोरं, नवरा ट्रकवर, आणि गणवेशांचं काम कायम गळ्याशी आलेलं. शिवताना मान वर केली की शिलाई वाकडी जाते, म्हणून ती पोरांची हजेरी आवाजावरच घ्यायची.

"थोरली?" "आहे." "मधल्या?" "आहे." "नकल्या?" "आहे." मग "शेंडेफळ?" आणि नुकतीच बोलायला लागलेली ती चिमुरडी कुठून तरी म्हणायची, "आये."

या शेंडेफळाची एक खोड होती. मशीनच्या घरघरीत ती गाढ झोपायची आणि मशीन थांबलं की भोकाड पसरायची. "हिला अंगाई नको बाई, पायडल पाहिजे," शिंपीणबाई मला म्हणायची.

त्या दुपारी मी फाटकी पिशवी घेऊन तिच्याकडे गेले होते. हजेरी झाली, चारही आवाज आले. पण शेवटचे दोन एकाच कोपऱ्यातून. तिनं मान वळवली. कोपऱ्यात नकल्या एकटाच.

"शेंडेफळ कुठाय?"

"काय माहीत. ती बोलली नाही, म्हणून मी बोललो," नकल्या म्हणाला. "नाहीतर तू उठतेस, मग शिलाई बिघडते, मग आम्हाला धपाटे."

शिंपीणबाई उठली. दार सताड उघडं होतं. बाहेर रस्ता, पलीकडे पाण्याची उघडी टाकी. थोरली टाकीकडे धावली, मधला रस्त्यावर, मी जिन्यानं गच्चीवर. शेजारपाजार गोळा झाला. जो तो हाका मारत होता, जो तो दुसऱ्याला विचारत होता. इस्त्रीवाल्यानं टाकीत बांबू घालून ढवळून पाहिलं. शिंपीणबाई कठड्याला धरून त्या पाण्याकडे बघत होती.

मग एकाएकी ती मागे वळली, घरात गेली आणि मशीनवर बसली. कापड नाही, दोरा नाही, नुसतं पायडल मारू लागली.

"डोकं फिरलं हिचं," इस्त्रीवाल्याची बायको कुजबुजली. "पोर सापडत नाही आणि ही शिवतेय."

"सगळे गप्प बसा," शिंपीणबाई म्हणाली. "कुणी हाक मारायची नाही."

मला तेव्हा उमगलं. मी दारात उभी राहून सगळ्यांना हातानं थोपवलं. मशीन बराच वेळ घरघरत राहिलं. तिचे डोळे समोरच्या भिंतीवर होते. मग तिनं चाकावर हात ठेवला आणि मशीन थांबवलं.

काहीच नाही.

मग जिन्याखालून, अगदी दबलेलं, चिरकं रडू आलं. तिथं चिंध्यांची पत्र्याची पेटी होती. झाकण पडून कडी आपोआप बसलेली. बंद पेटीत कोण बघणार? मधल्यानं कडी काढली. आत चिंध्यांच्या ढिगात घामानं निथळलेलं, लालबुंद शेंडेफळ. शिंपीणबाईनं तिला उचललं आणि जमिनीवरच बसकण मारली. पोरगी रडत होती तोवर तिनं तिला गप्प केलं नाही.

पेटीची कडी इस्त्रीवाल्यानं तेव्हाच उपटून टाकली. नकल्याला धपाटा बसला नाही, याचंच त्याला जास्त रडू आलं.

आता हजेरीला आवाज चालत नाही. नाव घेतलं की येऊन आईच्या पाठीला हात लावायचा. चारही हात ओळखीचे, तरी शेवटचा लागला की ती मशीन थांबवून मागे बघते. शिलाई वाकडी जाते. परवा माझ्या पिशवीचीही गेली.