मला शिवलेला कावळा

लग्न होऊन आखाड्यावर आले आणि पंधराव्या दिवशी मला कावळा शिवला. म्हणजे कावळा बिचारा तिथं कुठंच नव्हता. बाईची पाळी आली की आमच्याकडं तसं म्हणायची पद्धत. खरा शब्द तोंडातून काढायला सगळ्यांना लाज वाटते, म्हणून आळ कावळ्यावर. माझ्या सासूनं, आत्याबाईंनी, एक गोधडी, एक तांब्या आणि एक ताटली माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवली आणि अंगणातल्या लिंबाकडं बोट दाखवलं. चार दिवस तिथं बसायचं. चुलीकडं यायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही, लोणच्याकडं तर बघायचं पण नाही.

आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे. आमच्या परभणीकडं शेतातल्या घर-गोठ्याला आखाडा म्हणतात. आमचा गंगाखेडच्या अलीकडं आहे. काळ्या रानात दोन पत्र्याच्या खोल्या, गोठा, आणि पुढं तो कडुनिंब, ज्याला आम्ही नुसतं लिंब म्हणतो.

पहिल्या दिवशी मी रडले. दुसऱ्या दिवशी मनातल्या मनात सगळ्या घराला शिव्या घातल्या, नवऱ्याला जरा जास्तच. तिसऱ्या दिवशी दोन्ही करून बेजार झाले आणि काही उरलंच नाही म्हणून वर बघितलं. वर एक कावळा तारेचा तुकडा घेऊन घरटं बांधत होता. तार फांदीत बसेना. तो ती काढायचा, वाकवायचा, परत खुपसायचा. मी दुपारभर त्याच्याकडं बघत बसले आणि संध्याकाळी आत्याबाईंनी लांबून भाकरी सरकवली तेव्हा निम्मी त्याला टाकली.

तिथून माझी शाळा सुरू झाली. चार दिवसांचीच, पण दर महिन्याला न चुकता भरायची. शिक्षा म्हणून बसवलं होतं, मी शिकून घेतलं. घारीची शेपटी माशासारखी मधून दुभंगलेली असते, हे मला त्या लिंबाखाली कळलं. शिकरा घारीच्या निम्म्यानं असतो, पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, आणि डोळा असा की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. आमच्याकडं वाकड्या चोचीचं सगळं घारच. मी सांगायला गेले की हा शिकरा आहे, घार नाही, तर घरातले हसायचे. हसू द्या.

कावळ्याची तर मी भाषाच शिकले म्हणा. कावळा एकच एक ओरडत नाही. भाकरी दिसली की लांबट, सावकाश काव. पिल्लू झाडावरून पडलं की घसा फाटेस्तोवर कल्ला. आणि शिकरा दिसला की तुटक, घोगरं, सगळे मिळून, क्रा, क्रा, क्रा. मग कावळ्यांना दुसरं काही सुचत नाही. समोर पुरणपोळी ठेवा, ढुंकून बघणार नाहीत. आधी त्या शिकऱ्याला झाडातून हाकलून लावतील, तेव्हाच खाली उतरतील.

अशी पंचवीसेक वर्षं गेली. मला कावळा शिवायचा बंद झाला. बाहेर बसायची सक्ती संपली, पण मी आपली दुपारची लिंबाखालीच. आणि या वर्षी, चैत्र लागायच्या आधी, शिकऱ्याच्या जोडीनं त्याच लिंबावर घरटं केलं.

आत्याबाईंच्या गावरान कोंबड्या होत्या. शिकऱ्यानं त्यांचं एक पिल्लू डोळ्यांदेखत उचललं. झालं. रोज सकाळी आत्याबाई लिंबाखाली उभ्या राहून वर बघून सुरू व्हायच्या, "मुडदा बशिवला तुजा, घारीचे." शिकरा खाली मान वाकडी करून सगळं ऐकून घ्यायचा. ऐंशी वर्षांची बाई आणि मूठभर पाखरू, दोघांनाही माघार म्हणून माहीत नव्हती.

मग आत्याबाई पडल्या. उठवेना, बसवेना. पत्र्याखाली ऊन सहन होईना म्हणून त्यांची बाज आम्ही बाहेर काढली, आणि सावली होती ती एकच. जिथं त्यांनी मला गोधडी टाकून दिली होती बरोबर तिथंच त्यांची बाज आली. मला ते दिसत होतं, त्यांनाही दिसत असणार. मी त्यांचे पाय चेपायची आणि त्या वर बघायच्या.

एकदा नर सरडा घेऊन आला. मादी घरट्यातून उठली, त्याच्याकडून सरडा घेतला आणि शेजारच्या फांदीवर बसून निवांत खाल्ला. आत्याबाईंनी ते सगळं बघितलं आणि म्हणाल्या, बाई बसल्या जागी खायलीय, नशीबवान हाय. त्या दिवसापासून शिव्या बंद. उलट दुपारी डोळे उघडले की पहिला सवाल, आली का गं ती? घरट्यातून पांढरी कापसासारखी डोकी दिसायला लागली तेव्हा त्यांना दिसेनात. मी सांगायची, तीन हायत. शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे नुसती बोटं टेकवली.

"पिल्लं उडायली की मला उठीव," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले. तीन दिवसांनी त्या गेल्या. पिल्लांना अजून पंखसुद्धा धड फुटले नव्हते.

माझा दीर परभणीला असतो. सुतकात आखाड्यावर राहायला आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याची नजर लिंबावर गेली. तिथं त्याला मोठं शेड टाकायचं होतं, कधीपासूनचं त्याच्या मनात होतं. पण तसं सरळ बोलेल तर तो दीर कसला. भेटायला आलेल्या चार माणसांत त्यानं सांगून टाकलं की घरावर घार बसायली म्हणून आई गेली. लोकांनी माना हलवल्या. मशीनवाल्याला त्यानं फोनही केला, तेरवी झाली की दुसऱ्या दिवशी झाड पाडायचं.

माझं डोकं फिरलं. मी त्याला म्हणाले, भाऊजी, पिल्लं आहेत वर, ती उडेस्तोवर तरी थांबा. तो हसून म्हणाला, वहिनी, पाखरासाठी काम थांबवायचं का? मी नवऱ्याकडं बघितलं. माझा नवरा भला माणूस आहे, पण धाकट्या भावापुढं त्याच्या तोंडाला कुलूप लागतं. तो गोठ्याकडं निघून गेला. आत्याबाईंचा शब्द मी दोघांनाही सांगितला नाही. माझ्या मनात राग होता आणि ते हसले असते तर मला ते सोसलं नसतं.

दहाव्या दिवशी आम्ही गंगाखेडला, गंगेवर गेलो. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. आता मला कावळा शिवत नव्हता, त्यामुळं घाटावर यायला कोणी अडवलं नाही. आम्ही चार-पाच बाया लांब, भिंतीच्या सावलीला बसलो. गुरुजींनी विधी केला, वाळूत पानावर पिंड ठेवला, सगळे मागं सरकले आणि कावळ्याची वाट बघायला लागले.

कावळा काही येईना.

अर्धा तास गेला. वाळू तापली. कावळा पिंडाला शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची इच्छा कशात तरी अडकली, असं धरतात. मग नातेवाईक एकेक करून पुढं होतात आणि वचन देतात. जे वचन देताना कावळा शिवेल ती इच्छा. थोरल्या नणंदेनं बायांतूनच, बसल्या जागेवरून सांगितलं, तुझ्या कोंबड्या मी सांभाळीन. माझा नवरा म्हणाला, आम्ही भाऊ कधी भांडणार नाही. कावळा नाही. मग दीर पुढं झाला. हात जोडले, गळा भरून आल्यासारखं केलं आणि म्हणाला की आई, ज्या घारीनं तुझी कोंबडीची पिल्लं खाल्ली तिचं झाड तेरवी झाली की काढतो, तू मोकळ्या मनानं जा.

तेवढ्यात जर कावळा उतरला असता तर लिंब गेला होता. मग ब्रह्मदेव आला तरी आईची इच्छा मोडा असं कोणी म्हणालं नसतं. मी आभाळाकडं बघत राहिले. कावळा आला नाही.

आणि तेव्हा मला ऐकू आलं. पाण्याच्या पल्याड बाभळीतून, क्रा, क्रा, क्रा. तुटक, घोगरं, सगळे मिळून. इतका वेळ ते चालू होतं आणि मी दुःखात आणि रागात ऐकलंच नव्हतं. डोळे बारीक करून बघितलं. बाभळीच्या आत, काट्यांत, एक शिकरा बसला होता. पायाखाली काहीतरी धरलेलं. घाटावरचे झाडून सगळे कावळे त्याच्याभोवती. आत्याबाईंची इच्छा कशातही अडकली नव्हती. कावळ्यांना सवड नव्हती, बस्स.

मी हे मोठ्यानं सांगू शकत होते. सांगितलं असतं तर गप बस म्हणाले असते. घाटावर बाईनं कावळ्याची अक्कल शिकवायची, हे कोणाला खपतंय! मी बाभळीवरची नजर काढली नाही.

इकडं गुरुजींनी उन्हाकडं बघून दर्भ हातात घेतला. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि विषय संपवतात. कोणीतरी दिराला म्हणालं, झाडाचं परत एकदा बोल, मोठ्यानं बोल. दीर खाकरला.

त्याच वेळेला शिकरा उठला. पाण्याला अगदी लागून, सरळ रेघेत, खालच्या अंगाला निघाला. कावळे त्याच्या मागं थोडं गेले आणि दोन-तीन जण वळायला लागले. बाकी सगळे पिंडाकडं बघत होते. मी उठले, पदर खोचला आणि बायांची जागा सोडून पुढं गेले. मागून नणंद दबक्या आवाजात बस, बस म्हणत होती. मी दिराच्या पुढं जाऊन उभी राहिले.

"आत्याबाई, मी हाय तोवर आपल्या लिंबाला कुणी हात लावणार न्हाई. पिल्लं उडायली की तुमाला उठवीन."

एवढं म्हणाले आणि दहा पावलं मागं सरले. कावळ्यांनी दगा दिला असता तर मी भर घाटावर तोंडावर पडले असते. एक कावळा भिंतीवर बसला. मान तिरकी केली. वाळूत उतरला, तिरका तिरका उड्या मारत आला आणि पिंडात चोच घातली. त्याच्यामागं दुसरा आला, मग पाच-सहा. सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. गुरुजींनी दर्भ खाली ठेवला. नणंद रडायला लागली. दीर दोन पावलं मागं सरला.

घरी येताना जीपमध्ये नवरा माझ्या शेजारी होता. गाव जवळ आलं तेव्हा हळूच म्हणाला, तू पिंडाकडं बघतच नव्हतीस, पल्याडच्या बाभळीकडं बघायलीस. मी म्हणाले, होय. तो म्हणाला, मला वाटलंच. मग खिडकीबाहेर बघत राहिला आणि त्याच्या मिशीत हसू होतं. या माणसाबरोबर मी इतकी वर्षं का काढली ते मला तेव्हा जरा आठवलं.

मशीनवाल्याला दिरानंच फोन करून नको म्हणून सांगितलं. आईनं झाड मागून घेतलं, असं तो आता परभणीत सगळ्यांना सांगतो म्हणे. सांगू दे. मी वेळ साधली, ते मी नाकारत नाही. पण शब्द माझा खरा होता आणि आत्याबाईंचाही. त्याच कावळ्याच्या नावानं मला निम्मा जन्म बाहेर बसवलं. त्याच कावळ्याच्या नावानं मी एक झाड राखलं तर कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

वैशाख संपत आला तेव्हा दीर परत आला होता, सोयाबीनच्या बियाण्याचं बघायला. सकाळी मी शेण काढत होते. वर फडफड झाली. मोठं पिल्लू फांदीच्या टोकापर्यंत चालत आलं, दोनदा डगमगलं, आणि सुटलं. गोठ्याच्या पत्र्यावर आपटल्यासारखं बसलं, परत उठलं आणि पऱ्हाटीच्या, कापूस निघून मोकळ्या झालेल्या रानावरून नीट गेलं. मागून दुसरं गेलं, तिसरं अजून फांदीवर पंख झटकत होतं. कावळ्यांनी क्रा क्रा करून सगळं रान डोक्यावर घेतलं. दीर दात घासत दारात उभा होता, माझ्याकडंच बघत होता.

मी हात धुतले, लिंबाखाली जिथं बाज असायची तिथं गेले आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "आत्याबाई, उठा. उडायलीत."