गाळलेल्या समुद्रातले घोडे

तंजावरच्या आमच्या घरात समुद्र होता, आणि तो माझ्यासाठी आणलेला होता.

मी मालवणकडची. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढे लग्न होऊन एकदम कावेरीच्या मुलखात येऊन पडले. सासरची माणसं मराठीच, राजवाड्यामागच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली. पण त्यांचं मराठी तमिळच्या चालीवर चालायचं आणि निम्म्या शब्दांना मी नुसती मान हलवायची. आपलं काहीतरी चुकेल, ही धास्ती कायम पोटात. एकदा बोलता बोलता तोंडून निघून गेलं, की इथे गाज ऐकू येत नाही, झोपच लागत नाही. सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, ते ऐकलं. सुताराकडून सागवानी चौकटीची काचेची पेटी करून घेतली, सांध्यांना डांबर भरलं आणि ओसरीवर उजेडाच्या बाजूला मांडली.

ह्यांची नोकरी सरकारी, फिरतीची. समुद्रकाठच्या गावांना जायचे आणि येताना लोणच्याच्या बरण्या समुद्राच्या पाण्याने भरून बसच्या टपावरून आणायचे. हवेसाठी सायकलची ट्यूब होती. जाता-येता जो तो तिला पंप मारायचा आणि तिच्या बारीक नळीतून पेटीत बुडबुडे सुटायचे. पाहुणासुद्धा पंप मारल्याशिवाय आत येत नसे.

"मासे खायचे सोडून पाळतात," सासूबाई म्हणायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. "आणि माझं कैरीचं लोणचं कशात घालू? ह्या बापलेकांच्या डोक्यात?"

पहिल्या खेपेचे पट्टेरी मासे जगले नाहीत. मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत. मग ह्यांनी कोळ्यांकडून समुद्रघोड्यांची जोडी आणली. बोटाएवढे, ताठ उभ्याने पोहणारे, शेपटीने पोवळ्याच्या काटकीला विळखा घालून बसणारे! मी तर वेडीच झाले. पोळी तव्यावर आणि मी ओसरीवर, असं व्हायचं.

पण ती जोडी काही खाईना. कोळंबीचे कण टाकून झाले, उकडलेल्या अंड्याचा बलक झाला. शेवटी आत्याबाईंनी इडली कुस्करून टाकली. "माझ्या हातची इडली नको म्हणणारं हे पहिलंच पोर," त्या म्हणाल्या, पण चेहरा उतरलेला होता. घोड्यांची पोटं खपाटीला गेली. मामंजींनी सांगून टाकलं, "हे दोघे आता जगायचे नाहीत, पेटी मोडायची. मुक्या जिवांचे हाल पाहवत नाहीत. सुताराला उद्या यायला सांगितलंय." मी खाली मान घालून ऐकलं. माझ्या एका शब्दासाठी कुणी एवढं केलं नव्हतं, आणि तेच आता मोडणार होतं.

त्या घरची एक रीत होती. न गाळलेलं पाणी भांड्यात पडायचं नाही. कावेरीचं गढूळ पाणी जुन्या मऊ वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, चार पदरांतून गाळायचं. समुद्राचं पाणीही आत्याबाई तसंच गाळायच्या, स्वतःच्या हाताने. घरच्या जिवांना गाळ कसा पाजायचा? मग वेष्टी अंगणात झटकायच्या.

त्याच सकाळी हे बरण्या घेऊन आले. गाळणं झालं आणि तेवढ्यात दारात भाजीवाली ओरडली. आत्याबाई वेष्टी तशीच पांढऱ्या परातीत टाकून बाहेर गेल्या. मी ती पिळायला उचलली. परातीत थोडं पाणी निथळलं होतं, त्यावर ऊन पडलं होतं. आणि त्या पाण्यातली धूळ उड्या मारत होती!

मी वाकले. राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान ठिपके. थांबायचे, टुणकन उडायचे, पुन्हा थांबायचे.

"मामंजी! या लवकर! मामंजी!"

सासऱ्याला अशा हाका मारणारी सून त्या गल्लीने पाहिली नसेल.

"कशाला गे ओरडतीस? साप निघाला का?" आत्याबाई वांगी टाकून धावल्या. मामंजी मोडी कागद वाचायचं भिंग हातात घेऊनच आले. मी परात दाखवली. त्यांनी भिंग माझ्यापुढे धरलं. "तुला दिसलं ना? मग तू बघ आधी."

भिंगाखाली थेंबासारखं अंग, लांब दोन मिशा आणि कपाळावर एकच तांबडा डोळा! एकीच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या होत्या, बाजारातून दोन्ही हातांत थैल्या घेऊन निघालेली बाईच जशी.

"कोळंबीच्या गोतातलीच दिसतात," मामंजी म्हणाले. "पण केवढीशी!"

आणि मला एकदम उमगलं. घोड्यांना हेच हवं असणार, जिवंत, उडणारं. आणि नेमकं हेच आपण अंगणात झटकतो! पण बोलायचं कसं? सासूच्या गाळण्याला नाव ठेवायचं?

"आत्याबाई, हे थोडं पेटीत टाकू? नुसतं बघायला."

"गाळ? पेटीत?" त्यांनी माझ्या हातातून भिंग घेतलं. बराच वेळ बघत राहिल्या. "अय्यो," त्या हळूच म्हणाल्या, "ही तर पोटुशी आहे." आणि परात स्वतःच उचलून पेटीत रिकामी केली.

घोडा हलेना. मग त्याचा एक डोळा फिरला, दुसरा जागच्या जागी. एक ठिपका तोंडासमोरून गेला, आणि टक्! ठिपका नाहीसा. काचेला कान लावला तर आवाजसुद्धा येत होता, शपथेवर सांगते. मग दुसरा घोडाही काटकी सोडून पुढे झाला. टक्! टक्! आम्ही तिघं काचेला नाक लावून उभे. दर वेळी आत्याबाई ओरडत होत्या, "आणखी एक! अगं, आणखी एक!"

हे ओल्या अंगाने न्हाणीतून बाहेर आले. "कोण आलंय?"

"गप्प बस. जेवताहेत ते," आत्याबाई म्हणाल्या.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "म्हणजे इतके दिवस मी ह्यांच्या तोंडचा घास झटकत होते का गे?"

मी घाईघाईने म्हणाले, "नाही, तुम्ही तर स्वच्छतेसाठी..."

"सरी, सरी, असू दे, सारवासारव नको," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाशी धरून अशा हसल्या की मलाही हसू आवरेना. "आजपासून कावेरीचं वर राहील ते टाकायचं आणि समुद्राचं वर राहील ते ठेवायचं."

दुसऱ्या दिवशी सुतार हत्यारांची पिशवी घेऊन हजर. मोडायची ती हीच पेटी ना, त्याने तमिळमध्ये विचारलं. मामंजी काही म्हणायच्या आत आत्याबाई पेटीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"मोडायची? कुणी सांगितलं? झाकण करून दे. मांजर फिरतं इथे. आणि ही सून पदर बुडवून बघत बसते."

तो वाकून मापं घ्यायला लागला. मी ट्यूबला पंप मारत होते. इतका जोर आला होता अंगात, की बुडबुडे उसळून वर आले आणि दोन्ही घोडे काटकीला घट्ट विळखा घालून बसले.