अंगात आली ती धडधड

हार्ट अटॅक येऊन गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझ्या अंगात देवी आली. निदान मी तरी तसं ठरवून टाकलं.

डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत घट बसले होते. दुपारच्या आरतीला छातीत पाखरांचा थवा उडाला, टाळ्यांचा आवाज लांब गेला आणि मी अलगद वर. पंखा चुकवून, गच्चीवरून, थेट खाडीवर. पाणी दुधासारखं, कल्याण एवढंसं, आणि ठाण्यातल्या टेंभी नाक्याच्या देवीने, शप्पथ सांगतो, मान वर करून माझ्याकडे बघितलं. खाली आलो तर आरतीचं तेच कडवं चालू होतं.

शेजारणीने पायांवर डोकं ठेवलं. दुसऱ्या दिवशी आमचा मजला जमला. सांगताना मी अर्धं ठाणं म्हणतो. दिवा गावाहून आलेल्या एकाने नळाला पाणी कधी येईल ते विचारलं. मंगळवारी, म्हणालो. देवी आता रोजच यायला लागली. प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे अंधारी येत होती, ते मात्र गिळलं. एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

पाचव्या माळेला बायकोने गर्दीतून येऊन मनगट धरलं. तिच्या माहेरी, कोकणात, तीन पिढ्या देवी अंगात येते. ती हळूच म्हणाली, "आमच्याकडे देवी आली की माणूस लालबुंद होऊन घुमतो. तुम्ही पांढरे पडताय. उठा, रिक्षा खाली उभी आहे."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी माझं उडणं ऐकून घेतलं आणि कागदावर हृदय काढलं. अटॅकमध्ये मेलेल्या भागातून वीज जात नाही, म्हणाल्या. पण त्याच्या कडेचे जिवंत धागे तिला हळूहळू, वाकड्या वाटेने नेतात. मग ती व्रणाभोवती गोल गोल फिरत राहते. हृदय नुसतं फडफडतं, रक्त पुढे ढकलत नाही. पेनही गोल फिरत होतं, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसं. बघता बघता मला गुंगी यायला लागली.

"एखाद्या वेळी ते फिरणं थांबत नाही," त्या म्हणाल्या. "मग माणूस खाली येत नाही. किती वेळा झालं?"

खरं सांगितलं तर मुक्काम इथेच, शिवाय छातीत ठोके ताळ्यावर आणणारं यंत्र बसणार. एकदाच म्हटलं तर संध्याकाळच्या आरतीला घरी. बायको खिडकीबाहेर बघत होती; तिची बोटं अजून माझ्या नाडीवर होती.

"नऊ वेळा," मी म्हणालो. "त्यातल्या दोन वेळा जिन्यात."

डॉक्टरीणबाईंनी नर्सला खाट तयार करायला सांगितलं. बायकोने तेव्हा कुठे हात सोडला.