बाळंतिणीसाठी शिंपल्यांचा रस्सा

सिंदेवाहीच्या पलीकडच्या त्या तलावात पायाच्या बोटांनी शिंपल्या हुडकाव्यात तर वच्छलाबाईनंच. मांडीभर पाण्यात उभी राहून बायकांशी गप्पा चालू, आणि तळाच्या चिखलात अंगठ्याचं काम चालू. ढिवर मोहल्ल्यात, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, कुणा बाळंतिणीला दूध कमी आलं की रश्श्यासाठी निरोप तिलाच यायचा, आणि तिनं आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

पण उन्हाळ्यात तलावावर हिरवी साय धरली आणि तिचं विष शिंपल्यांत उतरलं. तिच्याच टोपलीतल्या शिंपल्या खाऊन शेजारच्या सोमाजीभाऊंचे आधी ओठ बधिर झाले, मग जीभ. ते वाचले, तरी अजून त्यांच्या हातातला पेला थरथरतो. तेव्हापासून तलावावर बंदी होती. पावसाळ्यानंतर पाणी निवळलं, तपासणीत शिंपल्या चांगल्या निघाल्या, आणि बंदी उठल्याचं ग्रामपंचायतीनं भोंग्यावरून सांगितलं.

नेमकी घरात वच्छलाबाईची सून दिव्या बाळंतीण. अंगावर दूध पुरत नव्हतं, पावडरचं दूध बाळाला पचत नव्हतं. दिव्याची आई इंदुताई लेकीजवळ येऊन राहिली होती. भोंगा थांबायच्या आत तिनं विहिणीच्या हातात टोपली दिली.

वच्छलाबाई गेली, शिंपल्या आणल्या, जिरं-लसणाचा पातळ रस्साही केला. पण वाटी दिव्यापुढे ठेवली नाही. आज आपण खाणार, काही झालं नाही तर उद्या दिव्याला देणार, असं तिनं सांगून टाकलं. उकळल्यानं ते विष जात नाही, हे दवाखान्यातल्या बाईंनी सोमाजीभाऊंच्या वेळी सांगितलेलं तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

इंदुताई चिडली. "सायबानं मोकळं केलं न तलाव? तुम्ही का सायबाच्या वरच्या झाल्या?"

"सोमाजीभाऊनं सायबाच्या हातचं नोयतं खाल्लं," वच्छलाबाई म्हणाली. "माह्या हातचं खाल्लं."

ती जेवायला बसली. भात, वर रस्सा, आणि रोजच्या सवयीनं पाट्यावरचा लाल मिरचीचा ठेचा. चार घास झाले नसतील, तिचा हात थांबला. ओठ चुरचुरत होते. तिनं बोटानं ओठ चाचपला, जीभ दातांवरून फिरवली.

"काय झालं, आत्याबाई?" दिव्यानं विचारलं.

"ओठ झोंबून राह्यले. मिर्चीनं का कशानं, समजत नाई."

इंदुताईचं लक्ष ताटातल्या ठेच्याकडे गेलं आणि तिनं कपाळावर हात मारला. एवढी जन्माची ढिवरीण, आणि पारख करायला बसताना ठेचा घेऊन बसली. वच्छलाबाईला हसूही येईना. तिनं चूळ भरली, पुन्हा भरली, गूळ चघळला. चुरचुर कमी झाल्यासारखी वाटे, आणि तसं वाटतं म्हणूनच तिचा विश्वास बसेना. आत बाळ रडायला लागलं. दिव्यानं त्याला छातीशी लावलं. दोन चोखणी झाली आणि ते जास्तच चिडून रडलं.

"आई, मले दे वाटी," दिव्या म्हणाली. "जे होईल ते होईल."

"तुले झालं त त्याले होईल," वच्छलाबाई म्हणाली आणि पातेल्यावर झाकण घातलं.

इंदुताई उठली. तिनं झाकण काढलं, वाटीभर रस्सा घेतला, नुसताच प्यायली, आणि विहिणीसमोर भिंतीला टेकून बसली.

"आता पाहा माह्या तोंडाकडे," ती म्हणाली. "म्या मिर्ची नाई खाल्ली."

वच्छलाबाई पाहत राहिली. बाळाचं रडणं थांबत नव्हतं, आणि इंदुताई हळूच, कुणाला दिसू नये अशी, ओठावरून जीभ फिरवत होती.