आठाऐवजी चार

बाजारात त्यांना रबरवाले म्हणत. संगणक दुरुस्तीचं दुकान, तेही एवढंसं की दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसऱ्याने पायरीवर थांबावं. लोक रडत यायचे, "मशीन फार मंदावलंय हो, मोठ्या दुकानात म्हणाले, नवीनच घ्या." रबरवाले मशीन चालू करून सिस्टिमची माहिती उघडत आणि मेमरी किती दाखवतंय ते आधी पाहत. आत आठ जीबी बसवलेले आणि पडद्यावर चारच, असं दिसलं की स्वारी खूश. डबा उघडायचा, रॅमची पट्टी खाचेतून काढायची, तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने घासायचे, फुंकर मारायची आणि 'कट्' आवाज येईपर्यंत दाबून बसवायची. की झाले आठ! त्यांच्या डाव्या हातचा मळ. गिऱ्हाईक तोंडात बोट घालून बघत राही आणि हे आपले काही घडलंच नाही अशा थाटात चष्मा पुसत. भाव खायला कुणाला आवडत नाही?

तर अशा या माणसाच्या घरचा संगणक गेली दोन वर्षं आठाऐवजी चार दाखवत होता.

तो संगणक त्यांच्या लेकीने जुळवलेला. एकुलती एक लेक. कॉलेजात असताना दुकानातल्या स्टुलावर बसून, जिभेचं टोक बाहेर काढून, एकेक स्क्रू तिने स्वतः पिळला होता. नोकरीसाठी दूर निघाली तेव्हा आदल्या दिवशी तिने त्यात दुसरी पट्टी घातली आणि म्हणाली, "आता आठ झाले बाबा. दर रविवारी तोंड दाखवायचं, सबबी चालणार नाहीत." तीन महिन्यांतच एक पट्टी दिसेनाशी झाली. त्यांनी फोनवर सहज सांगितलं, "अगं, चारच दाखवतोय."

"असू दे, हात लावू नका," ती म्हणाली. "मी आले की बघते."

तिने ते बोलण्याच्या भरात म्हटलं असेल. यांनी मात्र उराशी धरलं. आता तिला यायला काम होतं. नीट झालेल्या संगणकाकडे कोण कशाला येईल?

म्हणून दर रविवारी सकाळी, तिचा कॉल यायच्या आधी, ते गुपचूप माहितीची खिडकी उघडत. चार दिसले की त्यांचा जीव भांड्यात पडे. न जाणो, धक्क्याने पट्टी आपोआप बसायची! एकदा बायकोने फडका मारताना डबा जरा सरकवला, तर केवढा आरडाओरडा केला त्यांनी.

"काचेच्या कपाटात ठेवू का तुमचा डबा?" बायको म्हणाली. "बाजारभरची मशीनं धावायला लावता आणि आपलं मेलं लंगडतंय."

"लेक बघते म्हणाली ना?" एवढंच ते म्हणत. बाकी ताकास तूर लागू देत नसत.

चार जीबीत तो बिचारा संगणक किती तोंड देणार? लेकीचा चेहरा मध्येच थिजायचा, कधी डोळे मिटलेले, कधी अर्धी हनुवटी गायब. त्या रविवारी तर ती "आई, बाबा, एक सांगायचंय," म्हणाली आणि तोंड उघडं, हात वर, अशीच अडकली. आवाज आला तो तुकड्यांत. "या वर्षी... सुट्टी..." मग तोही गेला.

बायको पडद्यासमोरून हलली नाही. एरवी तिने दोन टोमणे मारले असते. आज पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "ती येईल तेव्हा येईल हो. मला तिचं तोंड तरी नीट बघू द्या."

त्यांनी लेकीला फोन केला, "पंधरा मिनिटं थांब," आणि खिशातलं खोडरबर काढलं. बाजारात स्क्रू कुठेही टाकणाऱ्या रबरवाल्यांनी लेकीने पिळलेला एकेक स्क्रू सोडवून रुमालावर ओळीने मांडला. पट्टी घासली, बसवली. 'कट्.' मशीन चालू केलं. आठ. आयुष्यात पहिल्यांदा तो आकडा बघून स्वारी खूश झाली नाही.

कॉल लागला. चित्र लख्ख. लेकीच्या कानाशी चार पांढरे केस होते, चष्मा नवा होता, आणि ती वाळली होती. हे सगळं कधी झालं?

"या वर्षीही सुट्टी नाही मिळत, बाबा," ती म्हणाली. मग सवयीने विचारलं, "किती दाखवतोय?"

"आठ."

"केलात नीट?" ती हसली. "मग आता माझं तिथे काय काम उरलं?"

अडखळत्या चित्रात ते हसू खपून गेलं असतं. आज तिचा कापणारा ओठ त्यांना स्पष्ट दिसला.

"पहिल्याच दिवशी झाला असता," ते म्हणाले. "मी मुद्दाम ठेवला तसा."

"ठाऊक होतं मला. तुमच्या हातून पाच मिनिटांचं काम दोन वर्षं राहतं होय? तुम्ही चार म्हणालात की मलाही बरं वाटायचं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मशीन झकास चालतंय," ते म्हणाले. "काही म्हणजे काही बिघडलेलं नाही. तुझं इथे कसलंही काम नाही. तू नुसती ये गं. फार आठवण येते."

पडद्यावर लेक निश्चल झाली. हात गालाशी, नजर खाली.

"अडकलं वाटतं पुन्हा मेलं," बायको पुटपुटली आणि माउसकडे हात नेला.

त्यांनी तिचा हात धरला. लेकीमागच्या भिंतीवरच्या घड्याळात सेकंदकाटा फिरत होता.

"अडकलं नाही," ते म्हणाले. "थांब जरा."